वाढवून जा

कोळसे आणायला निघालायस ना? जा, पण दहा मिनिटांनी जा. दुकान काही पळून जात नाही. आणि ती शेगडी बाळाच्या खोलीतून काढून आधी इथे बाहेर ठेव. सूनबाई, तूही ये. बाळ झोपलंय? मग त्या खोलीचं दार जरासं उघडंच राहू दे. वीज जायला अजून वीस मिनिटं आहेत. माझं घड्याळ चुकत नाही, बाकी मी चुकतो.

आता मी नुसतं 'शेगडी नको' म्हटलं तर तुम्ही मान डोलवाल आणि मी झोपलो की पेटवाल. मी पण तुमच्या वयाचा असताना तेच केलं असतं. म्हणून गोष्टच सांगतो. भुताची म्हणायची तर म्हणा. अर्धी मी डोळ्यांनी पाहिलीय आणि अर्धी मला त्या बाईनं सांगितलीय. ती बाई उगाच काही बोलणाऱ्यातली नाही.

आठ वर्षं झाली. तेव्हा माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे काय, एक खुर्ची, एक काचेची पेटी आणि डोळ्याला भिंग लावलेला मी. शेजारी इस्त्रीवाल्याची टपरी. त्याला सगळे 'कडक' म्हणायचे. गिऱ्हाईक काहीही सांगो, हा म्हणणार, "कडक करून देतो." माणूस मात्र इतका मऊ की गिऱ्हाइकानं आवाज चढवला तर हाच माफी मागायचा.

त्याची इस्त्री कोळशाची. ही एवढी जड, पितळेची, पोटात निखारे. बाजारात सगळीकडे विजेच्या इस्त्र्या आल्या, तरी त्यानं ती सोडली नाही, कारण ती थोरल्यांची होती. थोरले म्हणजे त्याचे गुरू. नात्याचे कुणी नव्हते, पण अकरा वर्षं त्यांनी त्याला हाताशी धरून शिकवलं, जेवू घातलं आणि त्याचं लग्नही त्यांनीच जमवलं. म्हातारा टपरीतच झोपायचा. मी सांगतोय त्या थंडीच्या चार वर्षं आधी, असाच एका रात्री झोपला आणि सकाळी उठला नाही. टपरीची फळी मीच उचलली. गाल गुलाबी, चेहरा टवटवीत, जणू आत्ता हाक मारली तर उठून बसतील. डॉक्टर म्हणाले, हृदय. आम्ही सगळे म्हणालो, किती सुखाचं मरण आलं.

मग कडकला मुलगी झाली. लग्नाला चार वर्षं झाल्यावर झाली, आणि दिवस भरायच्या सात आठवडे आधी. वजन पावणेदोन किलो. दवाखान्यात बरेच दिवस ठेवली आणि घरी सोडताना तिथल्या सिस्टरनं एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली, हिला थंड पडू देऊ नका. नवरा-बायकोनं ते वाक्य असं धरलं की दुसरं काही त्यांच्या डोक्यात राहिलंच नाही. कडकनं खोलीसाठी विजेचा हीटर आणला. खिडकीच्या फटींना खळ लावून वर्तमानपत्रं चिकटवली. दाराखाली गोणपाटाची वळकटी बसवली. मला म्हणाला, "काका, वाऱ्याचा एक धागा आत येत नाही आता." मीच म्हणालो, शाब्बास.

आणि त्याच आठवड्यात वीज जायला लागली. कुठलं तरी मोठं यंत्र जळालं होतं म्हणे. रोज रात्री दहाला जायची आणि पावणेदोनला यायची. हीटर म्हणजे नुसता लोखंडाचा तुकडा झाला. पण बघा कसं असतं, वीज गेली की बाजारातल्या सगळ्या इस्त्र्या बंद आणि याची एकट्याची चालू. मोठ्या लाँड्रीवाल्यानं हॉटेलच्या चादरी, टेबलावरची कापडं, सगळं याच्याकडे पाठवायला सुरुवात केली. सकाळी सहाला माल हवा. म्हणजे बायकोला नेमकी ज्या वेळी याची गरज, त्याच वेळी हा टपरीत.

मग त्यानं काय करावं? हातात कोळसा, आयुष्य गेलं कोळशात. त्यानं घरात शेगडी ठेवली. जायच्या आधी स्वतः पेटवायचा, धूर निघून निखारे लाल होईपर्यंत बाहेर ठेवायचा, मग आत आणायचा. बाळापासून चार हात लांब. शेजारी कोळशाची बादली आणि चिमटा. बायकोला सांगायचा, कमी झाली तर दोन टाक. इतका काळजीचा माणूस. एकच गोष्ट त्याच्या डोक्यात आली नाही, आणि माझ्याही नाही. आमच्या टपरीच्या तिन्ही बाजूंच्या फळ्या दिवसभर वर असायच्या आणि वारा आरपार जायचा.

पहिली रात्र सोमवारची. कडकची बायको मला म्हणाली, साडेअकरा झाले असतील. बाळाला पाजून मी जरा पडले होते. डोळा लागत होता. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "वाढव."

तिला वाटलं, आपण स्वप्नात आहोत. बघितलं तर शेगडीवर राख चढली होती. तिनं दोन कोळसे टाकले.

सकाळी डोकं दुखत होतं. बाळंतिणीचं डोकं दुखायला काही कारण लागतं का? झोप नाही, थंडी, काळजी. ती कुणाला काही बोलली नाही.

मंगळवारी दोनदा. खिडकीच्या बाजूनं. म्हाताऱ्या माणसाचा आवाज, खालचा, न रागावलेला. "वाढव, पोरी." तिला बरं वाटलं म्हणाली. भिंतीपलीकडे कुणी आजोबा राहतात, त्यांना आपल्या बाळाची काळजी आहे, असं तिला वाटलं. तिचं माहेर शहरातलं, गॅसच्या घरातलं. तिथे गॅस वाढव म्हणजे मोठा कर, पंखा वाढव म्हणजे जोरात कर. तिनं शेगडी वाढवली. बाळ शांत झोपलं. किती शांत, तर दूध मागायलाही उठलं नाही. तिला आनंद झाला.

बुधवारी आवाज जवळ आला. खोलीतच.

"वाढव म्हणतो ना."

तिनं ओंजळभर टाकले.

गुरुवारी, अकरा जानेवारीला, कडक संध्याकाळी निघताना तिनं सहज विचारलं, आपल्या मागच्या अंगाला कोण आजोबा राहतात? रोज रात्री मला शेगडी वाढवायला सांगतात. कडक म्हणाला, मागे तर गोदामाची भिंत आहे, तिकडे कुणी राहत नाही. वरच्या मजल्यावरचं कुणी असेल. ती म्हणाली, असेल. त्यानं शेगडी आत ठेवली, बाळाच्या पायाला हात लावून बघितला आणि निघाला. तिनं आतून कडी लावली. तिचा फोन बंद पडला होता. दिवसभर चार्जला लावायचाच राहिला होता.

त्या थंडीत मी घरी लवकर जात नव्हतो. तू तेव्हा बाहेरगावी, मी एकटा माणूस, घरी जाऊन तरी कुणाचं तोंड बघणार? कडकच्या टेबलाशेजारी स्टूल टाकून बसायचो. निखाऱ्यांची ऊब आणि फुकटची सोबत. त्या रात्री त्यानं मला ते आजोबांचं सांगितलं. हसत सांगितलं. मीही हसलो. म्हणालो, बरं आहे बाबा, बिनपगारी राखणदार मिळाला तुला.

बारा वाजून वीस मिनिटं. शेवटची चादर झाली. त्यानं इस्त्रीचं झाकण उघडलं. निखारे पत्र्याच्या डब्यात ओतून वर झाकण दाबायचं, हे त्याचं रोजचं. डबा पुढे ओढला आणि रोजच्यासारखं, कुणालाच उद्देशून नाही, तो म्हणाला,

"चला, वाढवतो."

आणि थांबला.

इस्त्री हातात तशीच उघडी. मी म्हणालो, काय रे?

"काका, मी आत्ता काय म्हणालो?"

"वाढवतो म्हणालास. रोजच म्हणतोस."

"कुणाचा शब्द हा?"

"थोरल्यांचा," मी म्हणालो.

तुम्हाला कळलं का? हल्ली तुमच्या कानावर येत नाही. दुकान बंद करतो असं आमच्यात म्हणत नसत, दुकान वाढवतो म्हणत. बांगडी फुटली नाही म्हणत, वाढवली म्हणत. दिवा विझव, विस्तव विझव, असं अभद्र तोंडातून काढायचं नाही. वाढव म्हणायचं. थोरले तर या बाबतीत फार काटेकोर. अकरा वर्षं रोज रात्री टपरीत एकच वाक्य. वाढव रे आता. म्हणजे, निखारे शांत कर.

आणि ती बिचारी घरी चार रात्री...

त्यानं इस्त्री टेबलावर टाकली. चादरीवर. त्या इस्त्रीनं आयुष्यात एक कापड जाळलं असेल तर ते तेव्हा. तो अनवाणी पळाला. मी चादर ओढली, कपड्यांवर शिंपायचं पाणी निखाऱ्यांवर ओतलं आणि त्याच्या मागे निघालो. माझा गुडघा तेव्हाही असाच होता.

रस्त्यावर एक दिवा नाही. कुत्रीसुद्धा कुठेतरी शिरून बसलेली. त्याच्या पावलांचा आवाज पुढे पुढे जात होता. मग तोही थांबला.

मी पोचलो तेव्हा तो दारावर दोन्ही हातांनी मारत होता. तिला हाक मारत होता. आतून काही नाही.

मी म्हणालो, थांब. ऐक.

आत... कुणीतरी बोलत होतं.

हळू. थकल्यासारखं. मी तो आवाज वीस वर्षं ऐकलेला. माझ्या शेजारून, रोज.

"वाढव..."

मग काही नाही.

"वाढव, पोरी..."

कडकनं माझ्याकडे बघितलं नाही. मीही नाही. त्यानं खांदा दिला. दार हललं नाही. पुन्हा दिला. मीही दिला. कडी उपटली.

आवाज बंद.

आत गरम होतं. खूप. शेगडी लालभडक. कोपऱ्यात, खिडकीपाशी, कुठेही कुणी नाही. धूर नाही. वास नाही. मी आजही त्यालाच घाबरतो. वास नव्हता...

ती चटईवर आडवी. चिमटा हातात. बाळ शेजारी, दुपट्यात. दोघींचे गाल गुलाबी.

मी ते गाल आधी पाहिले होते. एकदा. फळी उचलल्यावर.

त्यानं बाळ उचललं. मी तिच्या काखेत हात घालून तिला ओढलं. उंबऱ्यावरून. पायऱ्यांवरून. गल्लीत, उघड्यावर. बाळाची मान लुळी. अंग ऊबदार, छान ऊबदार, आणि लुळं. तो रडला नाही. ओरडला नाही. नुसता मुलीला धरून उभा राहिला, आभाळाखाली, आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिला. मी घड्याळ पाहिलं. का पाहिलं माहीत नाही. सवय. बारा एक्केचाळीस.

बेचाळीस.

त्रेचाळीस...

बाळ शिंकलं.

एवढंसं. मग श्वास ओढला. मग रडलं. त्या रडण्यानं शेजारच्या दोन खिडक्या उघडल्या. आई ओकली आणि शुद्धीवर आली. पहिलं काय बोलली माहीत आहे? म्हणाली, आजोबा रागावले होते, मी शेगडी वाढवली तरी.

कुणीतरी रिक्षा आणली. दवाखान्यात दोघींना तासन्‌तास प्राणवायूची नळी लावून ठेवलं. डॉक्टर म्हणाले, अजून पाव तास गेला असता तर काही उरलं नसतं. बंद खोलीत कोळसा जळला की जे तयार होतं ते दिसत नाही आणि त्याला वासही येत नाही. माणूस झोपेतच जातो. हे सांगताना ते कडकला ओरडले. त्यानं ऐकून घेतलं. हो म्हणाला. जी सही करायची ती केली. चहा दिला तो हातात धरला आणि तसाच गार केला. मी त्याला इतकी वर्षं ओळखत होतो, पण त्या रात्रीचा त्याचा चेहरा मला ओळखू आला नाही. काही नव्हतंच त्यावर.

चारच्या सुमाराला, बाकावर, त्यानं मला सांगितलं. थोरले गेले ती रात्र. याला घरी जायची घाई होती, नुकतंच लग्न झालेलं, बायको पहिल्यांदाच माहेराहून परत येणार होती. थोरले पांघरूण घेऊन पडले होते. बाहेर बोचरी थंडी, तिन्ही बाजूंच्या फळ्या पाडलेल्या. ते म्हणाले, "वाढवून जा रे." हा हो म्हणाला.

"आणि?" मी विचारलं.

"आणि गेलो."

एवढंच. वाढवलं नाही. त्यांना ऊब राहील असं वाटलं असेल किंवा नुसता विसरला असेल. त्याचं त्यालाही सांगता येत नव्हतं. चार वर्षं त्याला वाटत होतं, हृदय. मलाही वाटत होतं. सकाळी फळी मीच उचलली होती आणि किती छान गेले असं सगळ्यांत आधी मीच म्हणालो होतो. मला त्याची लाज वाटते. तुम्हाला सांगतानाही वाटते.

आता हे नीट ऐका. त्या सिस्टरनं नंतर दोघांना बसवून सांगितलं ते. सूनबाई, तूही. वीज गेली की खोलीत विस्तव नाही. शेगडी नाही, रॉकेलचा स्टोव्ह नाही, रात्रभर जळणारं काहीच नाही. बाळाला दोन-तीन पातळ थर आणि टोपरं. बाळ आईच्या नाहीतर बापाच्या उघड्या छातीवर, कातडीला कातडी लावून, वरून एक पांघरूण, पण तोंड झाकायचं नाही आणि ज्याच्या छातीवर बाळ आहे त्यानं जागं राहायचं. डोळा लागायला लागला की बाळ दुसऱ्याकडे. गरम पाण्याची बाटली अंथरुणात आधी ठेवायची, अंथरूण ऊबदार झालं की काढून घ्यायची, मग बाळ ठेवायचं. हात-पाय गार लागले म्हणून घाबरायचं नाही, मानेच्या मागे हात लावून बघायचं. खिडकी बोटभर उघडी. हो, थंडीतसुद्धा. अरे, माझ्याकडे काय बघतोस, उद्या त्या डॉक्टरणीला विचार, ती हेच सांगेल.

घरी आल्यावर कडकनं वर्तमानपत्रं खरवडून काढली. शेगडी कुणाला तरी देऊन टाकली. पहिले आठ दिवस टपरी उघडलीच नाही. रात्री दहा ते पावणेदोन मुलगी त्याच्या छातीवर आणि हा भिंतीला टेकून जागा. बायको सांगायची, बोलायचा नाही, गुणगुणायचा नाही, नुसता बसायचा, आणि थोड्या थोड्या वेळानं दोन बोटं तिच्या मानेमागे. ते आवाजाची वाट बघत होते. दोघंही. एकमेकांना न सांगता. आवाज आला नाही. पुन्हा कधीच आला नाही.

नवव्या दिवशी तो टपरीत आला. काम करत होता, पण हात कुणा दुसऱ्याचे असावेत तसा. रात्री निखारे डब्यात ओतताना म्हणाला, "चला, बंद करतो." मी ऐकलं. आयुष्यात पुन्हा त्यानं तो जुना शब्द वापरला नाही. त्या रात्री मी त्याच्याजवळच होतो, दहापासून दोनपर्यंत. इस्त्री त्याच्या हातात होती, हे मी शपथेवर सांगतो.

घरी ती एकटी. नवी कडी आतून लावलेली. खिडकी बोटभर उघडी. मुलगी छातीवर, दोघी पांघरुणात. अंधार. नेहमीसारखी थंडी. बाळाची दुपटी धुतली होती पण वाळली नव्हती, त्या हवेत वाळणार कशी? सात दुपटी, ओलसर, चुरगळलेली, तिनं तशीच टोपलीत टाकली होती. अंगावरचं एक तेवढं कोरडं. ते ओलं झालं तर काय करायचं, याच काळजीत ती जागी होती म्हणाली. काही ऐकू आलं नाही. काही हललं नाही. फक्त एकदा खोलीला वास आला... गरम, स्वच्छ कापडाचा. तिला वाटलं, नवरा आला. ती म्हणाली, आलात का?

पावणेदोनला वीज आली. दिवा लागला. कडी जागच्या जागी. टोपली रिकामी.

दुपटी तिच्या उशाशी होती. घडी घातलेली, एकावर एक. तिनं हात लावला. गरम.

तिनं कशाला हात लावला नाही मग. आम्ही येईपर्यंत तशीच बसून राहिली. कडक आला, मीही त्याच्याबरोबर होतो. त्यानं एकेक उचलून बघितलं. कडा कडेला जुळलेल्या, कुठे एक सुरकुती नाही. सहा दुपटी. सगळी खडखडीत कोरडी. त्यानं सगळ्यांत वरचं बाळाला गुंडाळलं, तिची झोप न मोडता.

सातवं दुपटं बाजूला पसरलेलं होतं. अर्धं गुळगुळीत, गरम. अर्धं ओलं, चुरगळलेलं.

तेवढ्यात वीज आली असणार.